दोन खाचा पुढे

ड्रायव्हरची खुर्ची खालच्या लोखंडी पट्टीवर पुढेमागे सरकते. पट्टीला खाचा असतात. उतरणाऱ्याने खुर्ची शेवटच्या खाचेपर्यंत मागे ढकलून उतरायचं आणि चढणाऱ्याने आपल्या पायांच्या मापाने पुढे ओढून घ्यायची, हा हागिनोदाई स्टेशनचा जुना रिवाज. गेला महिनाभर मात्र रेइजी खुर्ची दोन खाचा पुढे ठेवून उतरत होता.

फलाटावर उभ्या असलेल्या तोमोएला केबिनच्या उघड्या दारातून हे दिसलं होतं. एकदा दिसल्यावर रोजच दिसू लागलं. रेइजी तिचा नवरा.

हागिनोदाईला खासगी कंपनीची हद्द संपते आणि शहराच्या भुयारी रेल्वेची सुरू होते. गाडी तीच राहते, प्रवासी जागचे हलत नाहीत. फक्त ड्रायव्हर बदलतो. खासगी कंपनीचा रेइजी खाली उतरतो, भुयारी रेल्वेची कुरोसे वर चढते. त्याआधी दोघं समोरासमोर उभे राहून सलाम करतात आणि रेइजी म्हणतो, "गाडी ठीक. विशेष काही नाही." घरी तोमोएने दिवस कसा गेला विचारलं, तरी तो हेच म्हणतो. फक्त घरी तो समोरच्याकडे बघत नाही.

तोमोए रेइजीच्याच कंपनीत, फलाटावर कामाला. गाडी सुटताना दारांकडे बोट दाखवून 'दारं मोकळी' असं मोठ्याने म्हणायचं, हे तिचं काम. त्यामुळे कुरोसे खुर्चीत बसण्याच्या नेमक्या क्षणी तिला मान वळवावी लागे. बाकी सगळं ती पाही. कुरोसे पांढऱ्या हातमोज्याचं एकेक बोट कसं नीट बसवते, घड्याळ समोरच्या खोबणीत कसं ठेवते. तिला कुरोसेच्या टोपीच्या मागची गाठसुद्धा पाठ झाली होती. कुरोसे सुंदर नव्हती. त्याने तोमोएला काडीचाही दिलासा मिळत नव्हता.

रात्रीच्या जेवणाला बांगडा भाजलेला होता. तोमोएने विषय काढला.

"हल्ली खुर्ची पुढे ठेवून उतरतोस."

"कोण, मी?"

"नाही, शेजारचे."

"असेल. लक्षात नाही." रेइजी काटे काढत राहिला.

"कुरोसेबाईंच्या पायांची बरीच काळजी."

"तुझं आपलं काहीतरी." तो हसला. "गाडी धुऊन आणलीय. उद्या आईकडे जायचंय ना तुला?"

गेल्या महिन्यात त्यांनी एक जुनी छोटी मोटारगाडी घेतली होती. धुऊन आणायचा तो, चालवायची तोमोए. पण या घडीला तिला गाडीचं काही ऐकायचं नव्हतं. तिने त्याच्या पुढची वाटी उचलली. त्याचं सूप अजून संपायचं होतं.

दुसरी एक गोष्ट तिच्या मनात फार दिवस पडून होती. स्टेशनमास्तर ओगावारा दर शरदात तिला विचारायचे, "तोमोएबाई, यंदा तरी ड्रायव्हरच्या परीक्षेला बसताय ना?" आणि ती म्हणायची, "बघू, साहेब." या वर्षी ओगावारा म्हणाले, "मी मार्चला निवृत्त होतोय. तुमचं 'बघू' पण माझ्याबरोबरच निवृत्त होणार बहुतेक."

नोकरीला लागली तेव्हा तिला गाडीच चालवायची होती. लग्नानंतर रेइजी एकदा म्हणाला होता, "दोघांनाही ड्रायव्हरच्या पाळ्या लागल्या तर आपण भेटणार फक्त फलाटावर." तेव्हा तीही हसली होती. आता त्याला फलाटावर रोज दुसरीच बाई भेटत होती.

वर्षातून एकदा दोन्ही कंपन्या मिळून अपघाताचा सराव करतात. यंदाचा प्रसंग होता, ड्रायव्हर खुर्चीतच बेशुद्ध. रिकामी गाडी बाजूच्या फलाटाला लागली. रेइजीने ती आणली आणि नेहमीसारखी कुरोसेच्या हवाली केली. बेशुद्ध व्हायचं होतं कुरोसेला. तिला बाहेर काढायचं काम ओगावारांनी वाटून दिलं तोमोएला.

तोमोएने तिच्या काखेत हात घालून ओढलं. जरा जोरातच.

"हळू, ताई," डोळे मिटलेली कुरोसे पुटपुटली. "बेशुद्ध आहे, मेले नाही अजून."

"बेशुद्ध माणसं बोलत नाहीत."

"मग शुद्धीवर असताना सांगते. तुमच्या मिस्टरांना समजवा हो. रोज खुर्ची पुढे सरकवून जातात. गुडघे आपटून काळेनिळे झालेत माझे. मी बसते शेवटच्या खाचेला, पाय लांब आहेत. पण दुसऱ्या कंपनीच्या माणसाला कसं सांगायचं?"

तोमोएचे हात सैल पडले. कुरोसे फलाटावर जरा धपकन आदळली, पण डोळे मिटून राहिली.

पुढचा भाग केबिनमधून मुख्यालयाला कळवण्याचा. तोमोए आत शिरली आणि खुर्चीत बसली. सरावापुरतंच बसायचं म्हणून कुरोसेने ती हलवली नव्हती; रेइजीने ठेवली होती तशीच होती, दोन खाचा पुढे. तिचे तळवे पायपट्टीवर सपाट टेकले. कोपर न ताणता डावा हात हँडलवर पोचला. तिला काहीच सरकवावं लागलं नाही.

घरच्या गाडीतही लागत नसे. रेइजी गाडी आणून लावायचा, सकाळी ती बसायची आणि खुर्ची तिच्या मापाची असायची. ती कोण पुढे करतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. उतरण्यापूर्वी खुर्ची पुढे करायची, एवढंच वळण त्याच्या हाताला लागलं होतं. गाडी कोणती, हे हाताला कळत नव्हतं.

"हागिनोदाई. ड्रायव्हर बेशुद्ध. गाडी थांबवली आहे," ती वायरलेसवर म्हणाली. आवाज स्वच्छ होता.

जळफळाट आता निवायला हवा होता. ती उतरली. कुरोसे कपडे झटकत वर चढली, खटकन खुर्ची मागे ढकलली, बसली, हँडलवर हात ठेवला. आणि तोमोएच्या मनातला तो जळफळाट तितक्याच जोराने उठला. रेइजी तर पाठ फिरवून फलाटावरच्या विक्रीयंत्रातून गरम चहाचा कॅन काढत होता. त्याच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. तिची नजर हँडलवरच्या त्या हातमोज्यावर होती, जशी ती महिनाभर रोज असे.

सरावानंतर सगळे अर्धवर्तुळात उभे राहिले.

"कुणाला काही सांगायचंय?" ओगावारांनी विचारलं.

"विशेष काही नाही," रेइजी म्हणाला.

"मला आहे," तोमोए म्हणाली. चहाचा कॅन तोंडाशी नेता नेता रेइजी थांबला. "साहेब, यंदा ड्रायव्हरच्या परीक्षेला माझं नाव घाला."