लिंबूटिंबूंचं दार

मी एक जुना फ्रीज आहे आणि अजून चालतो. मित्रांनो, चालतो म्हणूनच मला एकदा उचलून नेणार होते. आमच्याकडे जुने फ्रीज गोळा करणारी वीज कंपनीची माणसं बंद पडलेल्याला हात लावत नाहीत, कारण बंद पडलेला वीज खात नाही. त्यांना धडधाकट म्हाताराच हवा असतो. हा कुठला न्याय, ते मला आजही कळत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तेव्हा माझ्या बदामी रंगाची फार चलती होती. शशिकांतकाका आणि शोभनाकाकूंनी अमेरिकेतल्या नोव्हाय गावात घर घेतलं, तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात आलो. काका मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होते. काकूंनी माझ्या पोटात काय काय ठेवलं म्हणून सांगू? विरजलेलं दही, अळूवड्यांचे उंडे, माहेरून आलेला गोडा मसाला. वासाबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. पुढे स्वयंपाकघर नवं झालं, तिथे स्टीलचा फ्रीज आला आणि माझी रवानगी बेसमेंटमध्ये झाली. वर्षानुवर्षं घर पोसलेल्या माझ्या वाट्याला सोड्याचे कॅन आले.

मोठा टीव्ही बेसमेंटमध्येच होता. दर मार्चमध्ये कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा सुरू झाली की मंडळी तिथे जमायची. सुशांत हा काकांच्या कंपनीत नंतर लागलेला पुण्याचा इंजिनिअर. तो सगळ्यांकडून ब्रॅकेट भरून घ्यायचा. म्हणजे एकही सामना होण्याआधी, पहिल्या फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत कोण कोण जिंकणार ते लिहून मोकळं व्हायचं. तुमचा लाडका संघ हरला की तुमचा खेळ आटोपला. मग तीन आठवडे बसा चिप्स खात. काकू आणि सुशांतची बायको रुचा वर भजी तळायच्या. एका वर्षी काकू म्हणाल्या, “मलाही भरायचंय.”

“भरा ना काकू,” सुशांत हसून म्हणाला. “पण तुम्ही लिंबूटिंबू हं. तुमचं काउंट नाही करणार.”

तो वाईट मनाने बोलला नाही, पण काकूंना ते लागलं. त्या भज्यांचं ताट माझ्या डोक्यावर ठेवून वर निघून गेल्या.

पुढच्या वर्षी काकूंनी स्वतःचा खेळ काढला आणि त्याचं नावच ठेवलं लिंबूटिंबू. स्पर्धेत बलाढ्य संघाला पहिला क्रमांक देतात आणि दुबळ्याला सोळावा. काकूंनी संघांची नावं कागदावर लिहून माझ्या दारावर चिकटवली. प्रत्येक खेळणाऱ्याला एक चुंबक. सामन्यांच्या दिवशी सकाळी ते एका संघावर लावायचं. संघ जिंकला तर त्याचा जो क्रमांक, तेवढे गुण. हरला तर पुढच्या वेळी चुंबक दुसरीकडे. बलाढ्यांवर विसंबणाऱ्याला एकेक गुण चघळत बसावं लागे आणि बाद तर कुणीच होत नसे. कुणाचं महाबळेश्वरचं स्ट्रॉबेरीचं चुंबक, कुणाचा नायगारा, कुणाचा गणपती. काकू पडलेल्या खेळाडूला हात देऊन उठवणारा संघ निवडायच्या. मैत्रिणी जमू लागल्या, शेजारच्या आज्याही येऊ लागल्या. मला पुन्हा माणसांचे हात लागू लागले.

काकांना मात्र माझं विजेचं खाणं खुपत होतं. त्यांनी बेसमेंटसाठीही स्टीलचा फ्रीज घेतला. खरेदी पाडव्याच्या मुहूर्तावरच व्हायला हवी, असा त्यांचा हट्ट, म्हणून फ्रीज त्याच दिवशी मागवला. जुना न्यायचा ट्रकही त्याच दिवशी. त्यात एक गोष्ट ते साफ विसरले. पाडव्याला इथल्या अख्ख्या मराठी मंडळाच्या श्रीखंडाचा चक्का माझ्या पोटात असतो. वरचा फ्रीज बाकीच्या पदार्थांनी गच्च भरलेला असतो.

पाडव्याच्या सकाळी नवा आला. काकूंनी त्याच्या दारावर स्ट्रॉबेरी लावून पाहिली, ती टपकन खाली पडली. नायगाराही टिकला नाही. त्या स्टीलला चुंबक चिकटतच नव्हतं. त्या दिवशी पहिली फेरी सुरू होत होती आणि काकूंचा चेहरा उतरला होता.

मित्रांनो, तेव्हा माझ्या मनात एक विचार आला. गपकन बंद पडावं. बंद पडलेल्याला ते नेत नाहीत. मी वाचलो असतो. पण आत चक्का होता. तो आंबला असता तर भर सणाला काकूंची सगळ्यांसमोर फजिती झाली असती. मी दात आवळून घरघरत राहिलो. न्यायचं तर न्या म्हटलं, पण चक्का गारच मिळेल.

दुपारी ट्रक आला. ट्रकवाल्याने माझं दार उघडलं आणि तो काकूंकडे वळला. “मॅम, हा रिकामा हवा.”

“दहा मिनिटांत करतो,” काका म्हणाले.

“आणि चक्का कुठे ठेवणार?” काकूंनी विचारलं. “तुमचा नवा अजून गारसुद्धा झालेला नाही.”

“मग पुढच्या आठवड्याचं रीशेड्यूल करू या,” काका म्हणाले.

“नाही. कॅन्सल करा. या दारावर आमचा खेळ चालू आहे.”

“अगं, जुना झालाय तो.”

“मीही झालेय,” काकू म्हणाल्या. “माझ्यासाठी ट्रक कधी बोलावताय?”

रुचा पुढे आली आणि माझ्या दाराला पाठ लावून उभी राहिली. ट्रकवाल्याने दोघींकडे पाहिलं, खांदे उडवले आणि तो निघून गेला. खरं सांगतो, मला रडू आलं. फ्रीजला रडता येत नाही असं कुणी म्हणेल, तर म्हणू दे.

त्याच संध्याकाळी सुशांतने जगज्जेता ठरवलेला संघ पहिल्याच सामन्यात गारद झाला. हरवलं कुणी, तर कुठल्याशा डोंगराळ गावातल्या चिमुकल्या कॉलेजाने. क्रमांक पंधरावा आणि त्यावर चुंबक रुचाचं. “माझं ब्रॅकेट गेलं यार,” म्हणत सुशांत माझ्यापाशी येऊन घुटमळला. “काकू, मला घ्याल?”

काकूंनी त्याच्या हातावर एक चुंबक ठेवलं. “घे. इथे सगळ्यांचं मोजतात.”

नवा फ्रीज माझ्या शेजारीच उभा असतो. सोडा आता तो सांभाळतो.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंवर दया करा, असं मी सांगणार नाही. दयेवर जगायला मी काही भिकारी नाही. माझ्या पाठीमागची धूळ वर्षातून एकदा झाडा, दाराचं रबर ओल्या फडक्याने पुसा, बाकीचं मी बघून घेईन. आणि तुमच्या घरातलं जुनं काही फेकायला निघालात, तर त्याआधी ते उघडून बघा. आत काय आहे ते बघितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.