रंगवलेल्या खिडकीखालची ओल

मित्रांनो, मी एक जुना एसी आहे. आता माझ्या पोटात एका कोळ्याचा संसार आहे, पण तरुणपणी मी भलताच धटिंगण होतो. एका उंच इमारतीतल्या घरात मी असा काही गारठा सोडला होता, की पाहुण्यांच्या कपातला चहा गोठला आणि तो त्यांना चमच्याने फोडून खावा लागला. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा. दात वाजायचे थांबले असतील तर सांगतील.

त्या घरातल्या ताईंनी नवा एसी घेतला आणि माझी रवानगी त्यांच्या वडिलांकडे केली. वडील जुन्या घरात एकटे राहत. हातभर जाड भिंती, त्यांना चुन्याचा गिलावा. त्यांच्या खोलीला खिडकीच नव्हती. म्हणून त्यांच्या बायकोने, हयात असताना, भिंतीवर एक खिडकी रंगवली होती. दारं सताड उघडी, बाहेर निळं पाणी आणि वाऱ्याने आत झेपावलेला पिवळा पडदा. मी सुरू झालो तेव्हा मला वाटलं, हा माझ्याच हवेने हलतोय.

माझं पाणी शेजारच्या न्हाणीघरात सोडायचं होतं आणि नळीची वाट नेमकी त्या चित्राखालून जात होती. मिस्त्री म्हणाला, "काका, भिंतीवरूनच सोडतो, झटक्यात होईल."

"तिच्या खिडकीखाली ही आतडी लोंबायला नकोत," वडील म्हणाले. "नव्या इमारतींत लपवता ना? इथेही लपव."

ताईंनीही मान डोलावली. मिस्त्रीने भिंतीत खाच पाडली, नळी पुरली आणि वरून सिमेंट लिंपलं. मग चार पावलं मागे सरून स्वतःच्या कामाकडे कौतुकाने पाहिलं. नळीला फोम गुंडाळायचा राहिला, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

गार नळीला भिंतीच्या आत घाम फुटे आणि चुना तो मुकाट पिऊन घेई. वर सिमेंट, त्यामुळे ओलीला बाहेर पडायला वाट नाही. एके दिवशी निळ्या पाण्याच्या कडेला गिलावा फुगला. वडिलांनी तिथे तळहात टेकवला आणि त्यांचा चेहरा उतरला. एसीची हवा कोरडी असते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. भिंत वाळावी म्हणून त्यांनी मला दिवसभर चालू ठेवलं. स्वतः कानटोपी घालून, शाल गुंडाळून समोर कुडकुडत बसत. ताई फोनवर चिडवत, "बाबा, हिमालयात गेलात का?" ते हसत, भिंतीचं मात्र बोलत नसत.

मित्रांनो, ते मला जितकं चालवत तितकी भिंत जास्त पाणी पीत होती. मी थापाड्या आहे खरा, पण यातला एकही शब्द मी फुगवलेला नाही.

एका दुपारी पिवळा पडदा गिलाव्यासकट खाली आला. आवाज फारसा झालाच नाही. ताई मिस्त्रीला घेऊन धावत आल्या. त्याने सिमेंट फोडलं, ओली नळी बोटाने चाचपली आणि खाली मान घालून म्हणाला, "काका, हा बंद ठेवायला हवा होता."

वडील जमिनीवर बसून तुकडे वेचत होते. म्हणाले, "मला वाटलं, मी तिला वाळवतोय."

ताईही शेजारी बसून वेचू लागल्या. पण हातात घेताच तुकड्यांचा भुगा होई.

तेव्हापासून मी बंद आहे. मित्रांनो, जुन्या घरात गारवा जरूर आणा, पण आधी त्या भिंतीचा स्वभाव समजून घ्या. नव्या घरात खपून जातं ते तिला सोसेलच असं नाही. आणि कुठे ओल दिसली, तर पाणी कुठून येतंय ते शोधा. लाजेने किंवा मायेने झाकून ठेवू नका.

ती भिंत आता ठणठणीत कोरडी आहे. तिच्यावर काहीच नाही. उन्हाळ्यात ताई पुन्हा पुन्हा म्हणतात, "बाबा, माझ्याकडे चला." ते नको म्हणतात, खुर्ची भिंतीसमोर ओढतात आणि घाम पुसत बसून राहतात.