न झोंबलेली मुळी

नाताळच्या जत्रेला आमच्या औषधी बागेत येणाऱ्यांना बाग दिसतच नाही. डिसेंबरात दिसण्यासारखं असतंच काय म्हणा! पानं वाळून गेलेली, मातीवर नुसत्या माझ्या पाट्या. लोक गरम मसालेदार वाइन पितात, दारावर टांगायला हिरव्या डहाळ्यांची गोल माळ घेतात आणि "छान आहे हं बाग" म्हणत निघून जातात. मला राग येतो. बावीस वर्षं मी इथल्या पाट्या रंगवतेय, तेही फुकट.

बागेतलं काही विकतो तो एकटा अँब्रोज टकेट. वय त्र्याऐंशी, पूर्वीचा मुख्य माळी. जत्रेच्या सकाळी तो स्वतः हॉर्सरॅडिशच्या मुळ्या खणतो. नाताळच्या भाजलेल्या बीफबरोबर ती मुळी लागतेच, मोहरीसारखी झणझणीत. पहिली मुळी तो गिऱ्हाइकांसमोर किसतो, पावाच्या तुकड्यावर घालून आधी आपण खातो, मगच विक्री सुरू. तोवर सगळ्या रांगेच्या डोळ्यांना धारा लागलेल्या असतात. त्याचे डोळे मात्र ढिम्म, इतक्या वर्षांत निबर झालेले.

शेजारच्याच वाफ्यात बचनाग आहे. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी मुद्दाम तसं लावलं. पानं गेली की दोन्हींची मुळं घाईत सारखी वाटतात, आणि औषधं बनवायला शिकणाऱ्यांना फरक कळायला हवा. बचनाग पोटात गेला तर माणूस वाचत नाही.

"यंदा जमीन लोण्यासारखी आहे बघ, विनी," किसणी पुसत अँब्रोज म्हणाला. मी शेजारच्या टेबलावर सुकामेवा भरलेले गोड मिन्स पाय मांडत होते.

"हातमोजे घातलेस का?"

"घातलेत, मास्तरीणबाई."

तो किसू लागला. रांगेत पहिली लाल कोटवाली बाई होती.

"माझ्या सासूसाठी जरा जहाल बघून द्या," ती म्हणाली.

सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसता थांबले. रडत कुणीच नव्हतं. मी दोन पावलांवर उभी, तरी माझे डोळे कोरडे ठणठणीत.

नोव्हेंबरात त्या दोन वाफ्यांच्या पाट्या रंगवायला मी घरी नेल्या होत्या. परत खोचताना पाऊस होता आणि मला बस गाठायची होती.

अँब्रोजने पावाचा तुकडा तोंडाकडे नेला. मी टेबलावरून हात घालून तो उडवला. किसणीही खाली गेली.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"बचनाग आहे तो. पाट्यांची अदलाबदल मी केलीय."

लाल कोटवालीने आपली पिशवी छातीशी धरली. अँब्रोज खाली वाकून मुळीकडे बघत राहिला.

"पूर्वी मी कधी पाटी बघून खणायचो का गं?" तो हळूच म्हणाला. "नखाने खरवडून वास घेतो मी. आजही घेतला. काही आला नाही. दोन वर्षं झाली, कशाचाच येत नाही. म्हणून पाटीवर विसंबलो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर फावडं काढून घेतलं असतं तुम्ही."

खरं होतं. काढून घेतलंच असतं, वर फुलांचा गुच्छ देऊन. मला माझ्या पाट्यांच्या चुकीपेक्षा या गोष्टीचीच जास्त लाज वाटली.

विक्री बंद केली. टेबल दोनदा धुतलं, त्याला साबणाने हात धुवायला लावले. मग आम्ही दोघं वाफ्यांपाशी गेलो. मी पाट्या जागच्या जागी खोचल्या. त्याने दुसऱ्या वाफ्यातून एक मुळी काढली, धुतली आणि चाकूने खरवडून माझ्या नाकासमोर धरली. स्वतः मुळीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होता.

माझे डोळे भरून वाहायला लागले. मुळी बाजूला ठेवली तरी थांबेनात.

"हीच," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी खणेन मी, वास तू घ्यायचास."

"किती वर्षं चालवायचं हे?"

"तू रडतेयस तोवर," अँब्रोज म्हणाला आणि फावडं माझ्या हातात दिलं.