बंद गळ्याचा फ्रॉक

सकाळचे आठ वाजले की यामिनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेई, मेथीदाण्याच्या डब्यामागे लपवलेली गोळी काढी, अर्धी कुटून चमचाभर पाण्यात घाली आणि चार वर्षांच्या शर्वरीला पाजी. मग तिला फ्रॉक घाली. बंद गळ्याचा, वरचं बटण थेट हनुवटीखाली. इंदुरात मे महिना तापला होता, पोरीच्या मानेवर घामोळं आलं होतं, तरी ते बटण सुटत नसे.

बटणाखाली वीतभर लांब व्रण होता. चार महिन्यांपूर्वी बाहेरगावी शर्वरीच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली होती. गोळी रक्त पातळ राहावं म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला काही लागलं तर रक्त लवकर थांबणार नाही. घरात, शाळेत, नातेवाइकांत सगळ्यांना सांगून ठेवा. घरी आल्यावर सासूबाईंनी, मनोरमाबाईंनी, नेमकं उलट बजावलं.

"कोणालाच बोलायचं नाही. आपल्या सुरभीला पण नाही. तिच्या सासरी कळलं की सगळ्या मालव्यात कळलं. दिलात खोट असलेली पोरगी उद्या कोण करून घेईल? आपण देवदर्शनाला गेलो होतो, बस."

चार वर्षांच्या मुलीच्या लग्नाची ही काळजी! तो होणारा नवरा अजून कुठेतरी आईकडून नाक पुसून घेत असेल. पण मनोरमाबाई दुष्ट नव्हत्या. नात बरी व्हावी म्हणून त्या चार महिने एकवेळच जेवत होत्या. मुलगा निखिल आईच्या शब्दाबाहेर नव्हता. आणि यामिनी? शिकलेली, तुकोगंजातल्या ऑफिसात नोकरी करणारी. तिलाही आतून तेच वाटत होतं. ते फ्रॉक तिनंच शिवून घेतले होते. लेकीला शिकवलंही तिनंच, "बटण उघडायचं नाही बरं का, आजी रागावेल."

निखिलची मोठी बहीण सुरभी मानपुरहून आली. तिच्या मुलाची मुंज आठवड्यावर होती आणि भाचीसाठी तिनं इवलेसे सोन्याचे डूल आणले होते.

"अगं यामिनी, हिचे कान अजून सूनेच? आजच सराफ्यात टोचून आणू."

यामिनीनं तोंड उघडलं. समोरून मनोरमाबाईंनी डोळे वटारले.

"गर्मी आहे ना ताई, नंतर बघू," एवढंच ती म्हणाली आणि ऑफिसला गेली.

दुपारी मनोरमाबाईंचा डोळा लागला, तेवढ्यात आत्या भाचीचं बोट धरून सोनाराकडे पोचली. हौशी बाई. सगळ्यांना सरप्राइज द्यायचं होतं तिला. कान दुखू नयेत म्हणून पर्समधलं दुखण्यावरचं औषधही तिनं आधी पाजलं. रक्त आणखी वाहवणारं ते औषध शर्वरीला वर्ज्य होतं, पण हे तिला सांगणार कोण?

सोनारानं आधी हळद दाबली, मग कापूस, मग रुमाल. तासाभरात फ्रॉकचे खांदे भिजले, तेव्हा सुरभी घाबरून जवळच्या दवाखान्यात धावली.

"कोई दवाई चल रही है बच्ची की?" डॉक्टरांनी विचारलं.

"नहीं डॉक्टर साहब, एकदम तंदुरुस्त है."

ते छाती तपासायला गेले, तर पोरगी दोन्ही हातांनी गळा घट्ट धरून बसली. हात रक्तानं चिकट झाले होते. "नको. आजी रागावेल." तिची समजूत घालण्यात मोलाचा वेळ गेला. शेवटी बटण निघालं, डॉक्टरांना व्रण दिसला आणि त्यांनी तडक ॲम्ब्युलन्स बोलावली.

यामिनी मोठ्या इस्पितळात पोचली तेव्हा शर्वरीचे ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त थांबवायचं औषध जास्त झालं तर झडपेत गाठ होईल, कमी पडलं तर हे वाहतच राहील. आत्यांना सांगितलं नव्हतं तुम्ही?"

सुरभी रडत होती. "माझ्याच हातानं झालं गं."

"नाही ताई. तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही तिला फुलाचाही धक्का लागू दिला नसता. मी बोलले नाही. माझ्या पोरीचं हे मी केलं."

रक्त पूर्ण थांबायला दुसरा दिवस उजाडला. पोर वाचली. मनोरमाबाई धुतलेला फ्रॉक घेऊन आल्या, बंद गळ्याचाच. शेजारच्या खाटेजवळच्या बाईंनी विचारलं, "क्या हुआ बिटिया को?"

"कुछ नहीं, कान छिदवाए थे," मनोरमाबाई चटकन बोलल्या.

यामिनीनं त्यांच्या हातातला फ्रॉक घेऊन पिशवीत परत ठेवला. "दिल का ऑपरेशन हुआ है," ती त्या बाईंना म्हणाली. "हमने सबसे छुपाया, इसलिए ये हुआ." मग सासूकडे वळली. "मुंजीत पण सगळ्यांना सांगणार आहे, आई. लग्नाचं तेव्हा बघू. आधी ती जगू दे."

मनोरमाबाई खाटेच्या कडेला खाली मान घालून बसल्या. यामिनीनं शर्वरीला मोकळ्या गळ्याचा सदरा घातला. पोरीनं डोळे उघडले आणि सलाइन लावलेला हात गळ्याशी नेऊन बटण शोधू लागली.

"आई, बटण लाव ना. आजी रागावेल."

"नाही गं राणी, मी नाही रागावणार," मनोरमाबाईंना हुंदका फुटला.

शर्वरीनं आजीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. हात मात्र तिनं गळ्यावरून काढला नाही.