मान हलवली आणि मला उठवलं

मी एक जुनी मूळपेशी आहे. बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात, पाव भाजणाऱ्या स्तांकाच्या कमरेच्या हाडात बासष्ट वर्षं राहते. मित्रांनो, माझं मुख्य काम झोपणं. हसू नका! माझ्या लेकी एकीच्या दोन, दोघींच्या चार होत रक्त घडवतात आणि झिजून संपतात. मी क्वचित उठते, एक लेक घडवते आणि पुन्हा निजते. म्हणून तर टिकते.

स्तांकाच्या कर्करोगाच्या गाठींवर जालीम औषधं दिली, तेव्हा जागं होतं ते मेलं. झोपलेल्या आम्ही सात जणी वाचलो. पण डॉक्टर कामेनने हाडातला थेंब तपासून सांगितलं, "ओसाड पडलंय, मावशी. असल्याच कुणी मूळपेशी, तर नुसत्या लोळतायत. नवं औषध आहे, सगळ्यांना खडबडून उठवतं."

स्तांका म्हणाली, "अरे, माझं पाव फुगवायचं खमीर फडक्यावर वाळवलं की वर्षभर टिकतं. रोज ढवळलंस तर आठवड्यात नासेल. तुझ्या आजोबांनाही धीर नव्हता, कच्चाच पाव घेऊन पळायचे!"

कामेन हसला. "मग देऊ ना?"

तिने मान वरखाली हलवली. आमच्याकडे याचा अर्थ 'नाही'. पण हा शहाणा बारा वर्षं व्हिएन्नात राहून आलेला. त्याने 'हो' समजून सुई टोचली!

आठवलं की आजही अंगाची आग होते. आम्हाला अक्षरशः हाकलून उठवलं. पंधरा दिवसांत रक्त भरलं, वॉर्डात कामेनची वाहवा झाली. माझ्या सहा बहिणी त्यात खपल्या. त्यांचं नावही कुणी घेतलं नाही. मी कशीबशी पुन्हा निजले.

महिन्यात रक्त उतरलं. कामेन पुन्हा सुई घेऊन हजर. आता हाडात मी एकटीच. मी संपले असते, तर स्तांकाही संपली असती.

"अजून एक देऊ, मावशी?"

तिची मान हलू लागली. मला ओरडता येत नाही. इतक्यात तिने स्वतःची हनुवटी हाताने धरली.

"थांब. तोंडाने सांगते. नाही! मागेही नाहीच म्हटलं होतं, गाढवा."

कामेनने सुई खाली ठेवली. "मग करू काय?"

"बाहेरचं रक्त दे. आणि वाट बघ."

तीन महिन्यांनी, माझ्या वेळेला, मी उठले. एक लेक घडवली. स्तांका पुन्हा भट्टीपुढे उभी राहिली.

मित्रांनो, निजलेल्याला मेलेलं समजू नका. आम्हाला उठवायची विद्या जरूर शिका, पण आधी आमची झोप राखायला शिका. आणि आता निघा. मला निजायचं आहे.