शेगडीतली बॅटरी

माझ्या मेहुण्याच्या शेगडीला घरात दुसरे कोणी हात लावत नाही. अंगणाच्या टोकाला ती विटांची शेगडी आहे, माझ्या छातीएवढी उंच, वर धुराडे. रविवारी एलादियो तिच्यात विस्तव करतो आणि निखाऱ्यांवर मांस भाजतो. त्या वेळी त्याला काही सुचवणे म्हणजे पाद्र्याला प्रार्थना शिकवण्यासारखे. गावच्या वाचनालयातून निवृत्त होऊन मी धाकट्या बहिणीकडे, देल्फिनाकडे, राहायला आलो त्याला बरीच वर्षे झाली. इतक्या रविवारांत मांस कधी कच्चे राहिले, कधी करपले. मी दर वेळी “छान झालंय” एवढेच म्हणत आलो.

त्या शेगडीत मी विमानाची बॅटरी चार्ज करू लागलो, त्याला कारण सुलेमा.

सुलेमा दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात छताला एक छोटे विमान टांगले आहे. तोंड उघडे ठेवून पडलेल्या माणसाला दुसरे बघण्यासारखे काही नसते. तिसऱ्या खेपेला मी धीर करून विचारले, आणि तिने मला गावाबाहेरच्या कुरणावर नेले. तिथे सुटीच्या दिवशी रिमोटची विमाने उडतात. मला वाटले, लगेच रिमोट हातात मिळेल.

“विमान पडलं तर चिकटवता येतं, अन्सेल्मो,” ती म्हणाली. “बॅटरी पेटली तर घर जातं. आधी बॅटरी शीक.”

मग तिने मला शाळकरी पोरासारखे बसवून शिकवले. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. चार्जरवर बॅटरीचा प्रकार आणि तिच्यातल्या सेलची संख्या बरोबर लावायची. जाड तार जोडायची आणि बारीकही, म्हणजे सगळे सेल सारखे भरतात. घाई झाली म्हणून जास्त करंट सोडायचा नाही. उडवायचे नसेल तेव्हा भरून ठेवायची नाही. विटेवर किंवा फरशीवर ठेवायची, आसपास पेटणारे काही नको, आणि चार्ज होईपर्यंत जवळून उठायचे नाही. हे शेवटचे मला जमेल असे वाटले. पुस्तक घेऊन न हलता बसणे, एवढे एकच काम मी आयुष्यभर नीट केले आहे.

फोमचे, वरती रुंद पंख असलेले, शिकाऊ विमान मी घरी आणले तेव्हा देल्फिना विमानाकडे न बघता बॅटरीकडेच बघत राहिली. मग तिने अट घातली.

“घरात नाही, दादा. अंगणात वेलीखालीही नाही, ती सगळी वाळलीय. शेगडीत ठेव. आणि एकदा जरी जळका वास आला, तर ते विमान या घरातून गेलं.”

“शेगडीत ठेवतोच आहेस तर मीठ पण लाव,” एलादियो म्हणाला.

तेव्हापासून मी बॅटरी मातीच्या मडक्यात घालून शेगडीच्या कोपऱ्यात ठेवी आणि चार्जर बाजूच्या विटेवर. मात्र रविवार मी कटाक्षाने सोडत असे.

कुरणावर शिकताना सुलेमाचा रिमोट माझ्या रिमोटला जोडलेला असे. मी गोंधळलो की ती विमान सांभाळून घेई. ती घेणार हे ठाऊक असल्यामुळे मी फार लवकर गोंधळत असे. शेवटी तिने सांगितले, येत्या रविवारी तिचा रिमोट गाडीतच राहील. दुसऱ्याच दिवशी उडवायचे म्हणून शनिवारी बॅटरी भरणार होतो, तर वादळाने दिवसभर वीज गेली. रविवारी दुपारनंतर दक्षिणेचा जोराचा वारा सुटणार होता, त्यात उडवता आले नसते. म्हणून मी त्या सकाळी, नको त्या वारी, शेगडीजवळ खुर्ची टाकली.

बॅटरी अर्धी भरली असेल, एवढ्यात एलादियो कोळशाचे पोते घेऊन आला. त्याचे भाऊ जेवायला येणार होते. माझ्याकडे न बघता त्याने कागद आणि काटक्या रचल्या. “तुझं मडकं राहू दे त्या कोपऱ्यात, पंडित. मी इकडे पेटवतो.”

मला वाटले, चार्जर बंद करावा, मडके उचलून न्यावे. विमान काय, पुढच्या रविवारी उडेल, किंवा त्याच्या पुढच्या. कोणी रागावणार नाही. माझा हात चार्जरकडे गेलाही. तेवढ्यात त्याने काडी ओढली.

“विझव, एलादियो.”

खुर्चीच बोलली असावी तसा तो बघत राहिला. काडी जळत बोटापर्यंत आली तेव्हा त्याने ती झटकली.

“काय म्हणालास?”

“बॅटरी भरेपर्यंत इथे विस्तव नको. आज मला एकट्यानं उडवायचंय.”

“माझे भाऊ येतायत जेवायला.”

“येऊ देत. उशिरा जेवतील.”

स्वयंपाकघराच्या खिडकीत देल्फिनाची सुरी थांबली. विमान आता घरातून गेलेच, असे मी धरून चाललो. ती हात पुसत बाहेर आली, ‘माते’ या कडू चहाचा नळी खोचलेला तुंबा आणि गरम पाण्याची किटली घेऊन.

“बस, एलादियो,” ती म्हणाली. “मला भीती होती की हा पुस्तकात बुडेल आणि घर जाळेल. याला तुला थांबवता येतं, तर विमान राहू दे.”

एलादियो पुटपुटत कोळशाच्या पोत्यावर बसला. मातेचा तुंबा एकाकडून दुसऱ्याकडे फिरू लागला. थोड्या वेळाने त्याने चार्जरवरचे आकडे कसले म्हणून विचारले. मी सांगितले, आणि त्याला ते आवडले असावे, कारण मग तो मडक्यापेक्षा आकड्यांकडेच बघत बसला. चार्जर वाजला तेव्हा आधी तोच उठला. “माझी शेगडी थांबली ती कशासाठी, ते तरी बघू,” म्हणत तो कुरणावर आला. विस्तव त्याने चक्क तोवर आलेल्या भावांवर सोपवला.

विमान उडाले, दूर गेले, आणि वळून माझ्याच अंगावर येऊ लागले. समोरून येताना डावे-उजवे उलटे होते. सुलेमा खरोखरच रिकाम्या हाताने उभी होती. तिचेच म्हणणे आठवले: जो पंख खाली पडतोय, त्याच्या बाजूला रिमोटची दांडी ढकल. मी ढकलली. पंख उचलला गेला. आणखी काही फेऱ्या मारून विमान गवतात नाकावर उतरले. मोडले काही नाही.

“छान झालंय,” एलादियो म्हणाला. तो माझाच सूर मी लगेच ओळखला.

जेवायला फार उशीर झाला. भावांनी भाजलेल्या मांसाचा पहिला तुकडा एलादियोने माझ्या ताटात टाकला आणि तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

“कडेला करपलंय,” मी म्हणालो. “आतून कच्चं आहे.”

देल्फिना हसली. एलादियोने भावांकडे बघून मान हलवली, आपल्याला हे केव्हाच दिसले होते, अशी. मग मला म्हणाला की मागे बऱ्याच विटा उरल्या आहेत, नळाजवळ बॅटरीसाठी एक लहान चौथरा सहज होईल. त्यावर धुराडे हवे का, एवढेच त्याला कळत नव्हते.