शेजारच्या सीटवरचं पाणी

मी एक जुनी पिकअप बोलतेय. बोलतेय म्हणायचं एवढंच. एरवी माझ्याजवळ फक्त हॉर्न, आणि तोही दुसऱ्याने दाबला तरच वाजतो.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझं एकाच गोष्टीसाठी कौतुक व्हायचं: कितीही ओझं टाका, ही वाकायची नाही. चाकांवर पोलादाचे जाडजूड पाटे एकावर एक रचलेले. पहिला मालक विटांचा व्यापारी. विटा भरल्या की मी शहाण्यासारखी चालायचे. रिकामी झाले की प्रत्येक खड्ड्यात शेळीसारखी उडायचे. त्याने नवी गाडी घेतली आणि मला शेडमागे लोटून दिलं. एका कोंबडीने माझ्या हौद्यात पिल्लं काढली. गाडी म्हणून माझी आठवण कुणालाच राहिली नव्हती.

मग एका सुताराने मला घेतलं. तो कपाटं करायचा आणि मी ती घरोघरी पोचवायचे. त्याची बायको पॉलिश करायची आणि माल पोचवायलाही बरोबर यायची. आरशाचं दार ती हौद्यात ठेवू द्यायची नाही, मांडीवर घेऊन बसायची. खड्डा आला की, "अहो, हळू!"

"मी हळूच चाललोय. ही म्हातारीच नाचरी आहे," तो म्हणायचा.

म्हातारी म्हणजे मी.

असंच एकदा कपाटाच्या माथ्याला पॉलिश करताना ती स्टुलावरून पडली. पाठीच्या मणक्याला मार बसला. बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. पुढे व्यायामासाठी तिला रुग्णालयात न्यायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "प्रवासात धक्का बसता कामा नये."

सुतार अंगणात येऊन माझ्याकडे बघत उभा राहिला. "दारात गाडी आहे," तो मेहुण्याला म्हणाला, "आणि बायकोला न्यायला गाडी नाही."

मेहुणा वेल्डर. बहिणीवर जीव टाकणारा. तो म्हणाला, "भाऊजी, हिचे पाटे काढू आणि हवेवर चढवू. बसला असतात ना, तसे रबरी फुगे. आत हवा भरायची, गाडी त्यावर तरंगते."

"परवडेल का?"

"नवं नाही परवडणार. भंगारात बघू."

मग दोघं भंगारवाल्याकडचे ढीग उपसू लागले. एका मोडीत निघालेल्या छोट्या बसचे फुगे मिळाले, पंक्चरवाल्याचा जुना कॉम्प्रेसर मिळाला, हवेची टाकी कुठल्याशा ट्रकची. मेहुण्याने माझ्या पोटाखाली झोपून लोखंडी बैठका जोडल्या. ठिणग्या त्याच्या बाहीत शिरायच्या आणि तो शिव्या हासडायचा. माझ्या अंगात उसने अवयव बसत होते. सगळ्यांचं आपसात पटवून घेता घेता माझीही दमछाक झाली.

शेवटी हवेची नळी तोकडी पडली.

"इथून नेली तर सायलेन्सरला लागेल हो," मेहुणा म्हणाला. "लांब नळी आणू या का?"

सुताराने वाकून पाहिलं. "चांगलं दोन बोटं अंतर आहे. तारेने बांध घट्ट."

मी उभी असताना अंतर होतं, हे खरं. पण चालताना माझं सगळं अंग थरथरतं. ती दोन बोटं कुठल्या कुठे जातात, हे फक्त मला ठाऊक होतं. सांगणार कशी?

गल्लीतल्या गल्लीत चाचणी झाली. ती माझ्यात बसली, दाराची कडी गच्च धरून. थोड्या वेळाने तिने कडी सोडली. "अहो, ही पाळण्यासारखी चाललीय!" सुतार नुसता हसत राहिला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसत होतं.

रुग्णालय मात्र लांब होतं. पुलाचा चढ लागला, सायलेन्सर तापला, आणि नळी वितळत असल्याचं मला जाणवलं. मला थांबायचं होतं. पण माझा ब्रेक माझ्या ताब्यात नसतो. फुस्स आवाज झाला आणि माझी मागची बाजू दाणकन खाली बसली.

ती किंचाळलीसुद्धा नाही. "आई गं" एवढंच, तेही श्वासातल्या श्वासात.

नशिबाने तिच्या पाठीत नवं काही मोडलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी सुतार आणि मेहुणा मान खाली घालून माझ्या हौद्याला टेकून बसले. "मी आणायलाच हवी होती नळी," मेहुणा म्हणाला. सुतार म्हणाला, "तू विचारलं होतंस."

त्यांनी पुन्हा काम काढलं. लांब नळी आणली, सायलेन्सरपासून दूर, वरून फिरवली. एक फुगा गेला तरी दुसऱ्यांची हवा टिकेल अशी सोय केली. हवा गेलीच, तर आदळू नये म्हणून जाड रबरी ठोकळे बसवले. आता मी खरोखर पाण्यावरच्या होडीसारखी चालते.

पण ती बसत नाही. शेजारीणबाईंच्या मोटारीतून रुग्णालयात जाते. माझ्याजवळून जाताना पदर सावरत लांबून वळते.

सुतार समजावून थकला. मग त्याने एक पातेलं काठोकाठ पाण्याने भरलं, शेजारच्या सीटवर ठेवलं आणि मला गल्लीभर फिरवलं. खड्डे चुकवले नाहीत. घरासमोर थांबून खिडकीकडे ओरडला, "बघ, थेंब नाही सांडला!"

ती काठी टेकत फाटकापर्यंत आली. पाणी पाहिलं. त्याच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडेही पाहिलं.

"नाही सांडलं, मान्य," ती म्हणाली. "पण पाण्याला भीती नसते हो."

आणि आत गेली.

तो अजूनही रोज निघतो, पातेलं भरून. ती कधी खिडकीत असते, कधी नसते. मी जिवाच्या आकांताने अंग सांभाळते. याहून जास्त माझ्या हाती नाही.

तुमच्या रस्त्यात एखादी जुनी पिकअप मुंगीच्या पावलाने चाललेली दिसली, शेजारच्या सीटवर नुसतं पाण्याचं पातेलं दिसलं, तर हसू नका. मागून हॉर्नही वाजवू नका. चालवणाऱ्याला दचकवू नका, एवढंच.